नानांचा टेकू

पडेगावला नानांच्या शेतावर गेलं, की पाण्याचा तांब्या नंतर. आधी गोठ्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसावं लागायचं. "जरा टेका, मी दोन घास खाऊन येतो," म्हणायचे. तलाठी टेकले, जनावरांचे डॉक्टर टेकले, पत्रिका द्यायला आलेले व्याही तर तासभर टेकले.

या वेडाचं मूळ मीच, गोठा तपासायला आलेला इंजिनिअर. गोठा मात्र देखणा होता हो! काळा घडीव दगड, चुन्यातलं बांधकाम, दोन हात जाड भिंती आणि वाकल्याशिवाय आत न घेणारं दार. पहिल्याच दिवशी माझं कपाळ चौकटीवर आपटलं, तर नानांनी आधी दगडावरून हात फिरवला. मी टेप काढला, तर म्हणाले, "तीन म्हशी लांब, दीड म्हैस रुंद. आज्यापासून हेच माप हाय."

मुलगा भागवत वाळूजला कंपनीत. त्याला गोठा पाडून पत्र्याचं शेड करायचं होतं. इंजिनिअर लिहून देईल तसं करू, असं बापलेकांत ठरलं. मी ओळंबा सोडला. मागची भिंत चार बोटं बाहेर झुकलेली. शहरातल्या ओळंब्याला काय कळतंय, म्हणत नानांनी स्वतःचा तांब्या दोरीला बांधून सोडला. त्यानंही तेच सांगितलं. नाना तांब्याची दोरी सोडत बसले. मला वाईट वाटलं, पण खोटं कसं लिहू? मी लिहिलं: भिंतीला ताबडतोब टेकू द्यावा, अन्यथा गोठा पाडावा.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर नाना भिंतीला पाठ लावून बसलेले. मी म्हटलं, टेकू दगडाचा द्यायचा, माणसाचा नव्हे.

"कागदावर तसं कुठं हाय?"

नव्हतंच.

भागवत चिडला, पण बाप टेकलेली भिंत पाडणार कशी? तीन पावसाळे गेले. दर वर्षी मी ओळंबा सोडायचो. भिंत सूतभरही हलली नव्हती. नाना माझ्याकडं बघायचे आणि मी उगाच टेप गुंडाळत बसायचो.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. आता गोठाही जाणार, असं मनात आलं. मडकं धरायला लोक भागवतला शोधत होते. तो गोठ्यामागं भिंतीला टेकून बसला होता. मला बघून त्यानं डोळे पुसले, पण जागचा उठला नाही.

"साहेब, जरा टेका," तो म्हणाला. "मी नानांना पोचवून येतो."

मी टेकलो. सगळे परत येईपर्यंत हललो नाही.