गुरुवारचं पाणी आणि दोन भावांची इंजिनं

आर्डिथला सासरी येऊन आठवडाही झाला नसेल. ती खिडकीशी पावाचं पीठ मळत उभी होती, आणि बाहेर गोठ्यापाशी तिचा नवरा मर्ल आणि धाकटा दीर एल्विन एकमेकांच्या अंगावर ओरडत होते.

"पोट मोठं असलं की ताकद येते होय रे? मग आपल्या पाद्रीबाबालाच नांगराला जुंप की!" हा एल्विन.

"आणि तुझ्यासारखं नाकाशी पंखा बांधून पळू? उद्या पंखा मोडला की बसलास वाटेत!"

"वाटेपर्यंत तरी जाईन! तुझं धूड एका पेट्रोलपंपावरून दुसऱ्या पेट्रोलपंपावर जातं, बाकी कुठं नाही!"

आर्डिथला वाटलं, आपण आलो आणि घरात जमिनीची वाटणी निघाली. सासूबाई, म्हणजे हुल्डा, बटाटे सोलत बसल्या होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"इंजिनावरून चाललंय," त्या म्हणाल्या. "जेवायला हाक मार, थांबतील. जेवण झालं की पुन्हा सुरू."

तसंच झालं, आणि पुढं चाळीसेक वर्षं तसंच होत राहिलं.

भांडण तसं साधंच होतं. मर्लच्या पिकअपला आठ सिलिंडरचं भलंमोठं पेट्रोल इंजिन. एल्विनचं इंजिन डिझेलचं, त्या मानानं लहान, पण त्याला टर्बो. टर्बो म्हणजे चुलीची फुंकणीच म्हणा ना. इंजिनातला धूर बाहेर पडता पडता एक पंखा फिरवतो, आणि तो पंखा इंजिनात वारा कोंबतो. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या डोंगराळ उंचीवर हवाच विरळ. आर्डिथचा केकसुद्धा तिथं आधी फुगायचा आणि मग मधोमध खचायचा. मर्लचं धूड चढाला लागलं की धापा टाकायचं, आणि एल्विनची गाडी शिट्टी वाजवत शेजारून निघून जायची. पण कडाक्याची थंडी पडली की एल्विनचं डिझेल थिजून तुपासारखं व्हायचं. रात्रभर विजेची वायर लावून त्याच्या इंजिनाला ऊब द्यावी लागायची, तान्ह्या बाळासारखी. मर्लची गाडी किल्ली फिरवली की डरकाळी फोडायची. म्हणजे थंडीत मर्ल जिंकायचा, चढावर एल्विन, आणि हरायचं कुणीच नाही.

आर्डिथ कुणाचीच बाजू घेत नसे. दोन्ही गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, एवढंच तिचं मत होतं.

मर्ल गेला तो ऑक्टोबरात, वासरांची विक्री उरकून. एल्विन कबरीपाशी टोपी हातात धरून उभा राहिला आणि इंजिनाबद्दल एक अक्षर बोलला नाही. तेव्हा कुठं आर्डिथला खरं वाटलं की नवरा गेला.

मर्लमागं त्याची गाडी तिच्याकडं आली, आणि गाडीबरोबर गुरुवारही आला. एल्विनचं घर टेकडीवर. तिथल्या विहिरीच्या पाण्याला नासक्या अंड्याचा वास. गाईसुद्धा नाक मुरडायच्या. त्यामुळं दर गुरुवारी गावातून पिकअपच्या पाठीवर टाकी भरून त्याला पाणी पोचवायचं, हे काम मर्लनं आपणहून घेतलं होतं, कारण त्यात भांडायची सोय होती. आता ते आर्डिथ करायला लागली. एल्विनची नजर तोवर गेली होती. उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. तरी त्याची गाडी शेडबाहेर वायर लावून तयार असायची. रोज सकाळी तो आत बसून ती सुरू करायचा आणि नुसता ऐकत राहायचा.

त्याची मुलगी लोर्ना गावात राहायची. ती आर्डिथला स्पष्टच म्हणाली, "काकू, तुम्ही दोघं आता पोरं नाही. ज्या गुरुवारी पाणी चुकेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना वृद्धाश्रमात नेणार. खोली सांगून ठेवलीय."

एल्विनला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, मी जाऊन आलोय तिथं. बाहेर सगळ्या विजेच्या मोटारी. दिवसभरात एक इंजिन ऐकू येत नाही. त्या शांततेनंच मरेन मी."

तेव्हापासून आर्डिथनं एकही गुरुवार चुकू दिला नाही. दात काढला त्या दिवशीही गाल बांधून गेली.

आणि मग जानेवारीतल्या एका गुरुवारी, बर्फ दगडासारखा झालेला, टाकी काठोकाठ भरलेली, टेकडीच्या पायथ्याशी मर्लच्या गाडीनं मान टाकली. इंजिन गर्जत होतं, पण चाकं हलेनात. गिअरपेटी गेली होती. टाकीच्या नळाशी पाणी गोठायला लागलेलं. आर्डिथनं गेलेल्या मर्लला दोन शब्द सुनावले, मफलर गुंडाळला आणि चालत टेकडी चढली.

एल्विन दारातच उभा होता. "वहिनी, चालत? म्हणजे धूड बसलं!"

"गिअरपेटी गेली. इंजिन चालू आहे."

"अगदी मर्ल! आवाज मोठा, जागचा हलत नाही!" म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं. "माझी गाडी काढ. साखळी मागं पडलीय. आणि आता तरी कबूल कर."

"आधी पाणी, मग कबुली."

आजवर तिनं ती गाडी कधी चालवली नव्हती. मर्लला ते आवडलं नसतं. ती बसली, एल्विन शेजारी बसला, आणि तिनं गाडी पुढं घेतली. मागून कडकड आवाज झाला, मग घसघस, खडखड.

"ऐकलंस?" एल्विन खुशीत आला. "टर्बोचा आवाज!"

"शिट्टी वाजते म्हणायचास ना? ही तर खडखड आहे."

"थंड आहे अजून. तापला की शिट्टी."

पायथ्याशी पोचल्यावर आर्डिथ उतरून मागं गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ऊब देणारी वायर काढायचं दोघंही विसरले होते. रात्री वाऱ्यानं निसटू नये म्हणून एल्विननं तिला गाडीकडं एक गाठ मारली होती आणि शेडच्या दाराच्या कडीला दुसरी. वायर तुटली नव्हती. गाठीही सुटल्या नव्हत्या. शेडचं दार मात्र टेकडीवरून खाली आलं होतं.

एल्विननं हातानं चाचपून पाहिलं. "हे काय?"

"तुझा टर्बो."

त्याच्या हाताला आपलीच गाठ लागली. मग म्हणाला, "घाल माझ्या गाडीत मागं. पाठीवर वजन नसलं तर चाकं बर्फात घसरतील."

दार मागं चढवलं, साखळी बांधली. आता मर्लच्या गाडीत सुकाणू धरायला कुणीतरी हवं. माणसं दोनच.

"त्या गाडीत पाय ठेवणार नाही अशी शपथ आहे माझी," एल्विन म्हणाला.

"आणि मी तुझ्या गाडीला हात लावणार नाही, अशी मर्लची होती. बस मुकाट्यानं. साखळी जिकडं ओढेल तिकडं वळव. उशीर झाला तर टाकीत बर्फाची लादी, आणि उद्या तू वृद्धाश्रमात."

बसला बापडा. आर्डिथनं पाय दाबला. आधी काहीच झालं नाही, मग खरोखरच बारीक शिट्टी वाजली आणि ती अख्खी वरात हलली. पुढं छोटं इंजिन, पाठीवर दार, मागं साखळीला मोठं इंजिन, त्यावर पाणी आणि सुकाणूवर आंधळा म्हातारा. तेवढ्यात मागून लोर्नाची मोटार आली, पाणी पोचलं का ते पाहायला. तिला पुढं जायला जागा नव्हती. टेकडीभर हॉर्न वाजवत ती मागून आली.

अंगणात पोचताच ती धावत सुटली. "बाबा! तुम्ही गाडी चालवताय? तुम्हाला दिसत नाही!"

"मी कुठं चालवतोय? मला ओढून आणलंय," एल्विन खाली उतरत म्हणाला. "ओढून आणलेल्याला दिसावं लागत नाही."

"आणि शेडचं दार?"

"ते काकूनं फिरायला नेलं होतं."

लोर्ना आर्डिथकडं वळली. आर्डिथनं नळाला पाइप जोडायला घेतलाही होता. तिची बोटं निळी पडली होती.

"लोर्ना, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"पाणी आलंय की चुकलंय?"

लोर्नानं गाड्यांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. रागवायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. हसता हसता तिला रडूही आलं. मग तिनं काकूच्या हातातून पाइप घेतला. "हे कुठं लावायचं ते दाखव मला," ती म्हणाली. वृद्धाश्रमातली खोली दुसऱ्या कुणाला गेली.

एल्विन कबुलीची वाट पाहत उभाच होता.

"चढावर तुझी गाडी बरी," आर्डिथ म्हणाली. "मर्लचं डोकं तुझ्यापेक्षा बरं होतं. त्यानं वायर काढली असती."

हे एल्विनला मान्य होतं.

गिअरपेटी दुरुस्त झाली. पुढं दोन हिवाळे आर्डिथनंच पाणी नेलं, बाजूला लोर्नाला बसवून. दुसरा हिवाळा सरल्यावर मे महिन्यात आर्डिथ झोपेतच गेली. पाणी आता लोर्ना नेते, आणि एल्विन अजून टेकडीवरच आहे.

आर्डिथच्या शेवटच्या गुरुवारी लोर्नाला काम होतं, म्हणून आर्डिथ एकटीच निघाली. मर्लची गाडी धापा टाकत वर पोचली. एल्विन म्हणाला, किती पेट्रोल प्यायलं. ती म्हणाली, तुझ्यापुरतं पाणी ठेवलंय. तिनं टाकी रिकामी केली, पाइप झटकून गुंडाळला आणि त्याच्या स्वयंपाकघरात पातळ कॉफी घेतली. फ्रीजमधलं आंबट झालेलं दूध ओतून टाकलं. उतारावर पोस्टमन समोरून आला, तेव्हा तिनं नमस्कारादाखल सुकाणूवरची दोन बोटं उचलली, त्यानंही उचलली, आणि ती घरी जाऊन कोंबड्यांना दाणे टाकायला लागली.