मधली खुर्ची

किस्से मुद्दाम कुणी गोळा करत नाही. आमच्या टेबलाखाली कागदाचा भुसा साठतो, तसे ते साठतात. सकाळी झाडून काढला तरी संध्याकाळी पुन्हा असतोच. आमच्या कामात हात आणि डोळे अडकलेले असतात, तोंड मात्र मोकळं. मग काय होणार?

आधी काम काय ते सांगते. नारायणगावच्या बाहेर द्राक्षांची आणि टोमॅटोची खोकी बनवणारा एक छोटा कारखाना आहे. हंगाम संपला की मशीन नुसतं उभं असायचं. मग पुण्याच्या एका खेळण्यांच्या व्यापाऱ्याशी आमच्या शेठची ओळख झाली आणि त्याच मशीनवर जिगसॉ पझल कापायला सुरुवात झाली. पुठ्ठ्यावर चित्र चिकटवायचं, वरून डाय, म्हणजे धारदार पात्यांचा साचा, दाबायचा, की झाले चित्राचे वेडेवाकडे तुकडे. प्रत्येक लॉटमधलं एक पझल आम्ही तिघी टेबलावर पूर्ण जुळवतो आणि पास की नापास ते सांगतो.

घरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "म्हंजे तुला खेळायचा पगार देत्यात?" मी त्याला नुसत्या निळ्या आभाळाचं एक पझल आणून दिलं. रविवारभर बसला होता. त्यानंतर माझ्या कामाबद्दल तो काही बोललेला नाही.

तिघी म्हणजे डावीकडे शकुंतलाअक्का, उजवीकडे इंदू आणि मधल्या खुर्चीवर मी, रेखा. मी महाळुंगे पडवळहून जीपनं येते. त्या दोघी जवळच्याच एका वस्तीवरून चालत येतात. एकाच घरातल्या, सख्ख्या जावा. अक्का थोरली, इंदू धाकटी. एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून माझी खुर्ची मधली.

*

पहिला माल आम्ही मोठ्या हौसेनं पुण्याला पाठवला. माल पोचला आणि व्यापाऱ्याचा फोन आला. अर्धे तुकडे टेम्पोत सांडले होते.

"शेठ, बॉक्सला भोकं कशाला पाडली?"

आता आमची माणसं इतकी वर्षं फळांची खोकी करत आलेली. भोकं नसलेलं खोकं म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट काम. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पण शेठ काही गडबडले नाहीत.

"साहेब, हवा खेळती राह्यली पायजे ना. माल ताजा राहतो."

पुढच्या ऑर्डरबरोबर पुण्याहून बॉक्सचं चित्रच काढून आलं. उरलेली भोकांची खोकी अक्कांनी घरी नेली. कांद्याला बरी पडली म्हणतात.

*

पझल चांगलं की वाईट, हे चित्रावरून ठरत नाही. चित्र सुंदर आणि तुकडे ढिले, असं खूपदा होतं. अक्कांची परीक्षा सोपी आहे. जुळवून झालं की दोन्ही हात खाली घालून भाकरी उचलावी तसं अख्खं चित्र उचलायचं. सुटलं नाही तर पास. इंदू बरोबर उलटं करते. ती चित्र मोडून बघते. तुकडा काढताना वरचा कागद सोलला, की नापास. मी तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवते. बोटाला भुसा लागला तर समजायचं, डायची धार गेली.

सगळ्यात वाईट तुकडा तो, जो दुसऱ्याच्या जागेवरही बसतो. डाय नीट नसला की असे तुकडे निघतात. अक्कांनी त्याला नाव ठेवलंय, 'पावणा'.

एकदा शेठना वेळ होता. आम्हाला मदत करायला बसले आणि तळ्याचं एक चित्र जुळवलं. शेवटी एक जागा राहिली आणि हातातला तुकडा काही केल्या बसेना. शेठनी मशीनवाल्याला बोलावलं, त्याला चांगलं झापलं. अक्कांनी चित्राकडं एकदा बघितलं.

"शेठ, वर आभाळात तुमी पावण्याला बसवलाय. मग घरच्यानं जायाचं कुठं?"

*

जावांचं बोलणं कसं बंद झालं, ते मला एकदम कुणी सांगितलं नाही. थोडं अक्कांनी सांगितलं, थोडं इंदूनं. ते जुळवायलाही मीच.

दोघा भावांच्या वाटण्या होत होत्या. रान झालं, विहिरीची पाळी झाली, भांडीकुंडी झाली, घराच्या मधून भिंत घालायची ठरली. भांडण कुठंच नाही. शेवटी पाटा-वरवंटा राहिला. सासूनं वापरलेला, काळाभोर, हाताला गुळगुळीत लागणारा. दोघींनाही तो हवा होता आणि दोघीही मागं हटेनात. बसलेल्या पंचांपैकी एकजण वैतागून म्हणाला, "मग एकीनं पाटा घ्या न् एकीनं वरवंटा!"

तो रागानं म्हणाला होता. या दोघींनी तेच केलं. पाटा इंदूकडं गेला, वरवंटा अक्कांकडं. तेव्हापासून बोलणं बंद.

"मग आता वाटण कशावर करता?" मी दोघींना वेगवेगळं विचारलं. दोघींनी मिक्सर घेतले होते. नारायणगावातल्या एकाच दुकानातून, एकाच रंगाचे. मला आधी हसू आलं, पण घरी जाताना जीपमध्ये वाईट वाटत राहिलं.

*

टेबलावर मात्र न बोलून चालत नाही. एकीच्या बाजूचे तुकडे दुसरीकडं येतातच. मग अक्का म्हणतात, "रेखे, तिला सांग, तिच्या आभाळाचा तुकडा माझ्याकडं आलाय."

इंदू इतकी जवळ असते की तिला अक्कांचा श्वासही ऐकू येत असेल. पण मी सांगेपर्यंत तिला काही ऐकू येत नाही. मला विचारते, "काय म्हणत्यात?" मग मी तेच पुन्हा म्हणायचं. मग ती म्हणते, "मग द्या म्हणावं." मग अक्का मला विचारतात, "काय म्हणती?"

एकदा भाच्याचं लग्न होतं विहारात, म्हणून मी रजा घेतली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर टेबलावर पझल जुळवलेलं. अर्धं डावीकडं, अर्धं उजवीकडं, आणि मध्ये बोटभर फट. नुसतं ढकललं असतं तरी जुळलं असतं. आणि माझ्या खुर्चीवर तुकड्यांचे दोन छोटे ढीग. हिचे तिच्यासाठी, तिचे हिच्यासाठी.

शेठना म्हटलं, "हे काल पास केलंत का नापास?"

"मी काय बोलणार? म्हणलं, तुमी आल्यावर बघू."

*

शाळांसाठी पुणे जिल्ह्याच्या नकाशाचं पझल निघालं. एक तालुका, एक तुकडा. आमच्या टेबलावर त्या दोघी जुन्नरच्या आणि मी आंबेगावची. जुन्नर कसं चपखल बसलं. आंबेगाव मात्र डुगडुगत होतं, बोट लावलं की हलायचं.

"तुमचं आंबेगाव काय बसंना बघ," अक्का म्हणाल्या आणि हसल्या. इंदूही हसली. दोघींना एकाच वेळी हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. हसल्या माझ्यावर, तेही एकमेकींकडं न बघता.

मी म्हटलं, "मूळ आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली गेलंय, अक्का. आमचा तुकडा सैल असायचाच."

मी आपली गंमत करत होते. पण माझी आत्या त्या गावात दिली होती, आणि बोलता बोलता मला तिच्या दारातली तुळस आठवली. माझा आवाज बदलला असणार, कारण दोघींनी हसू आवरलं. मग डावीकडून आणि उजवीकडून एकदमच आलं, "नापास."

डाय नवा केला. आता आंबेगाव घट्ट बसतं.

*

मग पुण्याहून बिबट्याचं चित्र आलं. इंदूनं तुकड्यांना हातच लावला नाही.

"सकाळी उसाच्या कडंनं जीव मुठीत धरून यायाचं, न् हितं येऊन त्यालाच जोडत बसायचं? मला न्हाई जमायचं."

शेवटी कडेनं गवत लावलं, झाड लावलं, ठिपके लावले. डोळ्यांचे दोन तुकडे कुणीच घेईना. ते मी लावले. पझल पास झालं, पण त्यावर वर्तमानपत्र टाकल्याशिवाय इंदूनं डबा उघडला नाही.

त्या दिवसांत त्यांच्या वस्तीजवळ खरंच बिबट्या फिरत होता. एरवी सुटी झाली की अक्का पुढं निघायच्या आणि इंदू बरंच अंतर ठेवून मागून. आता अक्का फाटकाशी चप्पल झटकत रेंगाळू लागल्या. इंदू बाहेर पडली की मगच निघायच्या. रस्त्यावर त्या दोघींमधलं अंतर रोज थोडं कमी होत होतं. एक दिवस तर मला जीपमधून दोघींच्या सावल्या एकत्र दिसल्या. बोलत नव्हत्या, पण चालत शेजारी होत्या.

मग वनखात्याच्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. सगळी वस्ती बघायला लोटली. दुसऱ्या दिवसापासून अक्का पुढं आणि इंदू मागं.

सगळे सुटलो म्हणत होते. मला त्या बिबट्याबद्दल फार हळहळ वाटली.

*

इंदूच्या अश्विनीचं लग्न ठरलं. पोरगी पेढे घेऊन कारखान्यात आली आणि पहिला पेढा अक्कांच्या तोंडात घातला. अक्कांना दोन मुलगे, मुलगी नाही. अश्विनीला लहानपणी न्हाऊमाखू घातलं ते अक्कांनी. ती आईला नुसतं आई म्हणते आणि अक्कांना मोठी आई.

"मोठे आई, माझी हळद तूच वाटायची," ती म्हणाली.

त्यांच्या घरात लग्नाची हळद त्याच पाट्यावर वाटतात. इंदूच्या लग्नात तिला नवऱ्याकडची उष्टी हळद लागली, तीही अक्कांनीच त्या पाट्यावर वाटलेली. आता पाटा भिंतीच्या एका बाजूला आणि वरवंटा दुसऱ्या.

पोरगी गेल्यावर इंदू माझ्याकडं वळली. "रेखाताई, तेवढं त्यांना सांगा. हळदीला या म्हणावं."

अक्का शेजारीच होत्या. खाली मान घालून एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत होत्या.

मी म्हटलं, "इंदू, पझलचे तुकडे इकडून तिकडं देईन. लग्नाचं बोलावणं मी देणार नाही. ते तुझं तू दे."

मला वाटलं, आता बोलेल. तोंड उघडलंही होतं तिनं. पण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मिक्सरमधी करू हळद."

अक्कांच्या बोटाखालच्या तुकड्याचं टोक मोडलं. जेवणाच्या सुटीत त्या मला म्हणाल्या, "तिनं बोलावल्याबिगर मी कशी जाऊ? न् न्हाई गेले, तर त्या पोरीला तोंड कसं दाखवू?" डबा न खाताच त्यांनी झाकण लावलं. मी निरोप पोचवला असता तर बरं झालं असतं का, हा विचार मला कितीतरी दिवस सोडत नव्हता.

*

हळदीच्या आदल्या दिवशी इंदू रजेआधीचा शेवटचा दिवस म्हणून कामावर आली होती. आम्ही दोघींनी फुलांच्या बाजाराचं चित्र जुळवायला घेतलं. डावी बाजू रिकामी. अक्का आल्या नव्हत्या. त्यांना कधी उशीर होत नाही. इंदू काही विचारत नव्हती, पण तुकडा हातात धरून सारखी फाटकाकडं बघायची. तिच्या सराईत हाताला त्या दिवशी झेंडूची साधी टोपलीसुद्धा जुळत नव्हती.

चित्र बरंच होत आलं, तेव्हा अक्का आल्या. खांद्याला पिशवी, आणि पिशवीनं खांदा एका बाजूला ओढलेला. त्या आपल्या खुर्चीकडं गेल्याच नाहीत. माझ्या मागून वळसा घालून उजवीकडं, इंदूच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला वरवंटा काढला आणि चित्राच्या मधोमध ठेवला. टेबल हादरलं. जुळलेला सगळा बाजार विस्कटला.

अक्का म्हणाल्या, "इंदे, तुझा एक तुकडा माझ्याकडं राह्यला व्हता."

सवयीनं माझं तोंड उघडलं. "इंदू, अक्का म्हणतायत, तुझा एक तुकडा..."

"ऐकलं मी," इंदू म्हणाली.