चादरीमागचा समुद्र

ये गो बाय, अशी जवळ सरकून बस, आणि हातातला फोन आधी उपडा ठेव. कागदावरून कोण कोणाला जवळ बोलावतं, असं म्हणशील. मी बोलावते. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि मागे डिशवॉशर लावत असतेस. मला ऐकू येतं ते. म्हणून लिहायलाच घेतलं.

तर मावशी बाटली, अशी बातमी तुझ्या ईडन प्रेरीपर्यंत पोचली म्हणे. टेक्सासहून मिनेसोटाला विमान उशिरा पोचेल, आपल्या माणसांची बातमी नाही. मावशी दर रविवारी चर्चला जाते, नातीलाही नेते, घरात दोघी भलतीच भाषा बोलतात. आणि तू काय केलंस? मला विचारायचं सोडून माझ्या मुलाला मेसेज टाकलास, मावशी ठीक आहे ना म्हणून. त्याने तो मला वाचून दाखवला, वर हसला. मी ठीक आहे. चर्चलाही जाते. का जाते ते आता शांतपणे ऐक.

तुझे काका गेले आणि मुलाने मला इथे टेक्सासात, प्लेनोला आणलं. घर एवढं मोठं, की या टोकाला कुकरची शिट्टी झाली तर त्या टोकाला कळत नाही. अंगणात गवत आहे, पण त्यावर चालायचं नाही. ते बघायचं गवत आहे. समुद्र म्हणशील तर दिवसभर गाडी हाकली की दिसतो म्हणतात. बालपण गेलं माझं वेंगुर्ल्याच्या दर्याचा आवाज ऐकत, आणि आता झोपायचं एसीच्या आवाजात.

नात तेव्हा सहा वर्षांची. गोड पोर. 'आजी' म्हणायची, आणि तिथे तिचं मराठी संपायचं. पुढचं सगळं इंग्रजी, तेही नाकातून. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. चौथीनंतर जे काही शिकले ते औषधांच्या बाटल्या वाचून. मी काही विचारलं की ती आईकडे बघायची. आई भाषांतर करायची, ती उत्तर द्यायची, आई पुन्हा उलटं भाषांतर करायची, आणि हे सगळं कानात ऑफिसचा फोन असताना. दोन देशांचे पंतप्रधान बोलतात तसं.

एकदा घरी आम्ही दोघीच होतो. पोर रडायला लागली, काहीतरी दुखतंय म्हणून सांगत होती, आणि मला समजेना. मी तिच्या पोटाला हिंग लावला. दुखत होता कान. संध्याकाळी डॉक्टरने सांगितलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मला एकच भीती बसली, की या घरात मी अशीच म्हातारी होणार, आणि ही पोर माझ्यासमोर मोठी होणार, आणि आमच्यात बोलणं म्हणून होणारच नाही.

मुलाने उपाय काढला, मराठी शाळा. ती रविवारी दुपारी भरते. आपलं मंडळ त्यासाठी एका चर्चच्या खोल्या भाड्याने घेतं. चर्च टोंगा देशाच्या लोकांचं. टोंगा म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं. माणसं धिप्पाड, आणि गायला लागली की आवाज त्याहून धिप्पाड. सकाळी त्यांची प्रार्थना आणि जेवण, दुपारी आपलं अ-आ-इ-ई.

आपला बालवर्ग बसतो त्या खोलीत भिंतभर त्यांचे तक्ते आहेत, हाताने रंगवलेले. मासा, होडी, लाट, पाऊस, माड, चंद्र, खेकडा, आणि प्रत्येकाखाली त्यांचा शब्द इंग्रजी अक्षरांत. आपल्या बाई आल्या आल्या पिशवीतून फुलाफुलांची चादर काढायच्या आणि त्या अख्ख्या समुद्रावर टांगायच्या. मुलांचं लक्ष जातं म्हणे. मग त्या चादरीसमोर उभं राहून मुलांना निसर्ग शिकवायच्या. नदी, डोंगर, समुद्र. मुलं मागून म्हणायची, नदी, डोंगर, समुद्र, तोंडं अशी की कोणी खोकल्याचं औषध पाजतंय. बाई मूळच्या पुण्याच्या, आठवडाभर मोठ्या कंपनीत मोठं काम करतात, फार हुशार. त्यांच्यापुढे पोरं चुकायलासुद्धा घाबरायची.

एका रविवारी शाळा सुटल्यावर आम्ही इंडियन स्टोअरला थांबलो. फ्रीझरमध्ये पापलेट होतं, दगड झालेलं. नातीने माझी ओढणी ओढली.

"आजी, इका."

मी म्हटलं, मासा. तिने मान हलवली, जशी आपण मंद पोरासमोर हलवतो, आणि पुन्हा सांगितलं, इका. गाडीत पाण्याच्या बाटलीला 'वाई' म्हणाली. घरी येऊन नारळाला 'निऊ' म्हणाली. मला वाटलं शाळेत संस्कृत सुरू केलं. मग हळूहळू उलगडलं, की चादर खालून मोकळी असते, आणि भिंतीला लागून बसणारी पोरं बाईंची नजर चुकवून तिच्याखाली डोकी घालतात. म्हणजे मंडळाची फी भरून माझी नात मराठी शाळेत टोंगन शिकत होती.

पण बाय, ती माझ्याशी बोलत होती. आईकडे न बघता.

मी सौदा केला. तू एक शब्द दे, मी एक देते. शाळेतला देऊन उपयोग नव्हता, तो ऐकला की ती औषधाचं तोंड करायची. मी आपला घरचा दिला. तुझ्या काकांच्या बदल्या सगळ्या घाटावर, तिथे कोणी हसेल म्हणून लग्नानंतर जे मालवणी मी जिभेमागे सारून ठेवलं होतं, ते बाहेर काढलं. तिने 'ताही' दिलं, मी दर्या दिला. ती खेकड्याला 'पाका' म्हणाली, मी कुर्ली म्हटलं. दारापुढचे स्प्रिंकलर सुरू झाले की ती 'उहा' म्हणून नाचायची आणि मी म्हणायचे, पाऊस इलो. हायवेवरच्या गाड्या आमच्या लाटा झाल्या. बाथटब दर्या झाला, आणि बूच काढून पाणी सोडलं की सुकती, म्हणजे ओहोटी. कडेला साबणाचा फेस उरायचा ती पुळण, किनाऱ्याची वाळू. बापाची ती ट्रकएवढी गाडी 'वाका', होडी. तिच्यात बसून आम्ही शाळेला जायचो, आणि होडीवाल्याला काही पत्ता नसायचा.

वर्ग चालू असताना आज्यांना आत बसू देत नसत. आम्ही हळूच उत्तरं सांगतो असा बाईंचा अनुभव होता, आणि तो खरा होता. मी बाहेर पॅसेजमध्ये बसायचे. शेजारीच चर्चचं स्वयंपाकघर. एकदा आत डोकावले तर माझ्याच वयाची एक टोंगन बाई सकाळच्या जेवणाची आवराआवर करत होती, आणि तिच्या ट्रेमध्ये काय, तर अळू. नारळाच्या रसात शिजवलेली अळवाची पुडी. त्याला ती 'लू' म्हणते. मी पानाकडे बोट दाखवलं आणि घसा खाजवला. ती आधी बघत राहिली, मग तिनेही घसा खाजवला, आणि दोघी खुर्च्या धरून हसलो. त्यात मांस असतं ते मला चालत नाही, हे तिला कळल्यावर पुढच्या रविवारपासून माझ्यासाठी कांद्याची वेगळी पुडी यायला लागली. आपल्या मंडळात अजून मला कोणी विचारलेलं नाही की काकू, तुम्हाला पनीर आवडतं का. दर कार्यक्रमाला पनीर.

ते तक्ते तिनेच रंगवले होते, आपल्या नातवंडांसाठी. नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात आणि भिंतीकडे ढुंकून बघत नाहीत. शाळा सुटल्यावर माझी नात आत आली आणि तिच्यासमोर सगळे शब्द घडाघडा म्हणाली. तिने आधी हिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात फोन घेऊन बसलेल्या आपल्या नातवाकडे पाहिलं, आणि त्याला उद्देशून काहीतरी लांबलचक बोलली. मला एक शब्द कळला नाही. अर्थ सगळा कळला.

घरी मात्र कुजबुज सुरू झाली. सुनेने कुठे वाचलं, जास्त भाषांनी मुलं गोंधळतात. मुलगा माझ्याजवळ येऊन बसला, लहान मुलाची समजूत घालावी तसा.

"आई, निदान स्पॅनिश तरी शिकव. उपयोग तरी होईल."

त्याच्या मराठीचा त्याला काय उपयोग झाला, हे मी विचारलं नाही. मराठीतच विचारावं लागलं असतं.

मग आला शाळेचा वार्षिक कार्यक्रम. विषय निसर्ग. नातीला समुद्राचं काम मिळालं, निळी ओढणी आणि एक वाक्य: मी समुद्र आहे, मी विशाल आहे. वर्गातही ती मधूनच इका-वाई म्हणायची, म्हणून बाईंनी आधीच बजावलं, स्टेजवर ते दुसरं काही बोलली तर पुढच्या वर्गात घेता येणार नाही. सून म्हणाली, आई, तसं झालं तर तुमचे हे शब्दांचे खेळ आपण बंद करू या. वाईट नाही गो ती, मुलीची काळजी करते. पण खेळ बंद म्हणजे पुन्हा दुभाषी, आणि पुन्हा कानाच्या दुखण्याला हिंग.

कार्यक्रम त्याच चर्चच्या हॉलमध्ये. पुढे रिटायर झालेले डॉक्टर, इंजिनीयर, त्यांच्या मागे शिकायला आलेली पोरं, जेवण आहे म्हणून आलेली. अध्यक्षांनी मराठी कशी टिकवायची यावर भाषण केलं. ते म्हणाले, आपण आपलं कल्चर प्रिझर्व्ह केलं पाहिजे, नेक्स्ट जनरेशनला पास ऑन केलं पाहिजे. टाळ्या झाल्या. मग डोंगर आला, डोंगर होऊन गेला. नदीने आपलं वाक्य म्हटलं आणि आईला टाटा केला. मग आमचा समुद्र आला, आणि विसरला.

विशाल काही तिला आठवेना. बाईंनी पडद्याआडून सांगितलं, पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी ओठ घट्ट मिटले. सून शेजारीच होती.

पोर म्हणाली, "ताही."

हॉलमध्ये खसखस पिकली. सुनेने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो काही प्रेमाने नव्हता. नातीला कळलं आपलं चुकलं. तिने ओढणीला नाक पुसलं आणि नीट समजावून सांगायला लागली, सावकाश, मला सांगते तशी:

"ताही म्हणजे दर्या. सुकती लागली काय पुळणीर कुर्ल्यो धावतत."

ओहोटी लागली की वाळूवर खेकडे पळतात. अख्खं वाक्य गो, क्रियापदासकट, टेक्सासमध्ये जन्मलेल्या पोरीच्या तोंडून. तुझ्या आईने ऐकलं असतं तर मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असत्या. आणि आपल्या बाई माईकजवळ आल्या, आवाज मधात बुडवलेला.

"बाळा, पुरे झालं हं टोंगन. आता आपल्या मराठीत सांग."

मी उठून उभी राहिले.

"बाई, ते मराठीच आहे. माझ्या आईचं."

"काकू, मराठी असं नसतं," बाई म्हणाल्या. माईक चालूच होता.

मागच्या रांगेतला एक पीएचडीवाला शेजाऱ्याला म्हणत होता की या बेटांच्या भाषांत मराठीसारखे शब्द सापडतात हे फार इंटरेस्टिंग आहे, यावर अभ्यास व्हायला हवा. करा बाबांनो अभ्यास. माझ्याकडे या, मी चहा देईन.

परतताना गाडीत मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, संपलं. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून आवाज आला, आजी, बाई रागावली काय? मी म्हटलं, रागावली, जेवली की विसरेल. ती म्हणाली, माका पण भूक लागली. असं आमचं चाललं, कुर्ल्यांवरून जेवणावर, जेवणावरून बाईंच्या नथीवर. पुढे बसलेल्या सुनेने मान वळवली. ती वाट बघत होती बहुतेक, कोणीतरी भाषांतराला हाक मारेल म्हणून. कोणी मारली नाही. बऱ्याच वेळाने तिने हळू आवाजात विचारलं, सुकती म्हणजे काय हो, आई? मी तोंड उघडायच्या आत पोरीचं उत्तर गेलं, बाथटब आणि बुचासकट.

त्यानंतर खेळ बंद करायचं कोणी काढलं नाही. बाई मात्र बोलल्याप्रमाणे वागल्या, पुढच्या वर्गात घेतलं नाही, आणि आमची शाळा तिथेच थांबली. म्हणून रविवारी दुपारी आम्ही दोघी पॅसेज ओलांडून सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसतो, आणि ते पाहून आपल्या लोकांनी आमचा धर्म बदलला. बाटलेच असेन तर अळवापायी बाटले, असं कळव तुझ्याकडच्या मंडळाला.

आता पोर बोलते. इतकी बोलते, की तिचा बाप म्हणतो आधी शांतता होती. पण मी अडचणीत आले आहे गो. तिचे प्रश्न वाढलेत आणि माझी टोपली रिकामी होत चालली. परवा इथे उत्तरेचा वारा सुटला, सकाळी घाम आणि दुपारी स्वेटर. टोंगन आजीने तिला त्या वाऱ्याचं नाव सांगितलं, 'तोकेलाऊ'. संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली, आपल्याकडे याला काय म्हणतात म्हणून. आपल्याकडे होतं नाव. प्रत्येक वाऱ्याला होतं. तुझी आई माडांकडे बघून सांगायची, आज अमका वारा आहे, होड्या जायच्या नाहीत. मला एकही आठवेना. पोर इंग्रजीत काहीतरी म्हणून निघून गेली.

तू तुझ्या आईच्या मांडीवर बसून ऐकलीत ती नावं. तुझ्या डोक्यात कुठेतरी असतील, पासवर्डांच्या खाली. फोनवर सांगू नकोस, फोनवर वारा कळत नाही. तुमच्याकडे बर्फ पडून तुम्ही घरात अडकायच्या आत चार दिवस काढ आणि ये. माझी नात आणि मी एअरपोर्टवर येऊ. लवकर ये गो.