बटणकाकू खुर्चीवरून उतरल्या

गल्लीत त्यांना सगळे बटणकाकू म्हणत. कारखान्यात शिवलेल्या शर्टांची गाठोडी त्यांच्या दारात उतरत आणि बटणं लागली की परत जात. कागदावर मात्र यातलं काहीच नव्हतं. प्रत्येक टाका कारखान्याच्याच छपराखाली पडला पाहिजे, अशी माल घेणाऱ्या कंपनीची अट होती, आणि कागद बिचारे अट पाळत होते. ज्या हातांनी शर्ट पुरा होतो त्या हातांचाच कुठे उल्लेख नाही, याला कारखान्यात 'व्यवस्था' म्हणत.

काकूंची काम करायची एक तऱ्हा होती. खिडकीखाली जमिनीवर बसायचं, उजवा पाय लांब करायचा, शर्टाची कड पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात घट्ट धरायची. कापड ताणलं की दोन्ही हात मोकळे. गल्लीतल्या अकरा जणींना त्यांनीच असं बसायला शिकवलं होतं. घरात सूनही शेजारी तशीच बसे.

एक दिवस सुपरवायझर घाईघाईने आला. कंपनीची बाई तपासणीला येणार होती आणि बटणांच्या टेबलावर बसायला कारखान्यात माणसंच नव्हती. सहा जणींनी एक दिवस यायचं, गळ्यात कार्ड घालायचं, खुर्चीवर बसायचं आणि विचारलं तर 'मी इथेच नोकरीला आहे' म्हणायचं. बदल्यात सुनेला मशिनवर कायमची नोकरी. लग्न होऊन आल्यापासून सून त्या नोकरीकडे डोळे लावून बसली होती, त्यामुळे काकूंनी फार विचार केला नाही. वाक्य तोंडपाठ केलं. सोबत जाणार असलेल्या जाऊबाईंनी तपासणीवाली होऊन असा काही दरडावून प्रश्न विचारला की दोघी हसत सुटल्या.

प्रत्यक्षात खुर्चीवर बसल्यावर हसू पळालं. पाय जमिनीला टेकेनात. गुळगुळीत टेबलावरून कापड सारखं निसटे. पहिलं बटण वाकडं लागलं, दुसरंही. खोटं बोलायची काकूंनी मनाची तयारी केली होती, पण वाकडं बटण लावायची काही केली नव्हती. तपासणीवाली दूर कुठेतरी दिवे मोजत होती. काकू कधी खाली घसरल्या, चपला कधी काढल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. चार बटणं सरळ लागली तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

तपासणीवाली समोर उभी होती. सुपरवायझर धावत आला. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या खाली बसतात, असं त्याने सांगून टाकलं. गुडघे दुखणारं माणूस जमिनीवर बसत नाही, एवढं त्या बाईला कळत असावं. ती काकूंच्या शेजारी उकिडवी बसली.

"काकू, अशी सवय कुठे लागली?"

काकूंना सून आठवली. तोंडपाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. पण पाय समोर पसरलेला, अंगठ्यात शर्ट धरलेला. अशा अवस्थेत ते वाक्य म्हणायची त्यांना लाज वाटली.

"घरी," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत सगळ्या अशाच बसतात. घरचं काम बंद करू नका, ताई. फक्त ते लपवू नका."

सुनेची नोकरी तिथेच गेली. त्यानंतर दोन महिने गल्लीत एकही गाठोडं उतरलं नाही. ज्या बायकांना काकूंनी हाताला धरून शिकवलं, त्या त्यांना पाहून तोंड फिरवू लागल्या. काकूंना पश्चात्ताप झाला, खोटं कशाला बोला. सून चकार शब्द बोलली नाही, ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

तिसऱ्या महिन्यात सुपरवायझर आला तो गाठोडं आणि फॉर्म घेऊन. काम घरीच राहणार होतं, फक्त आता प्रत्येक घराची नोंद कंपनीला हवी होती. तो उंबऱ्याशी बसला आणि त्याने काकूंना नाव विचारलं. इतकी वर्षं याच दाराशी येऊन त्याला ते ठाऊक नव्हतं. पुढे 'कामाला सुरुवात' असा रकाना होता. त्याने भराभर काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

काकूंनी काय लिहिलंय ते सुनेला वाचायला सांगितलं. आजची तारीख आहे, ती म्हणाली. जुनं काही कागदावर दाखवता येत नाही, वरून विचारणा होईल, सुपरवायझर समजावू लागला. काकूंनी निमूटपणे पेन हातात घेतलं. मागे झाली ती चूक पुन्हा नको, असं त्यांना वाटलं असणार.

सुनेने फॉर्मवर पंजा ठेवला.

"यांची बावीस वर्षं लिहा," ती म्हणाली. "आणि माझी तीन. मग आम्ही सह्या करतो."

सुपरवायझरने एकदा दोघींकडे पाहिलं आणि तारीख खोडली.