दिगांबरच्या गाण्याला पहिली टाळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — तिच्याजवळ तर नाहीच, कारण ज्या संध्याकाळची ही गोष्ट आहे त्या संध्याकाळी तिचा भाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. आता सांगायला घेतलं तरी छातीत धडधडतंय. इतक्या वर्षांनी मला कोण काय करणार आहे? तरी धडधडतंय.

आधी थोडं ऑर्केस्ट्राचं सांगतो. हो, माहीत आहे मला, मी टाळतोय. टाळू द्या जरा.

महाराष्ट्र नवानवा होता, आणि बुलढाण्यात ऑर्केस्ट्रा त्याहून नवा. एक अकॉर्डियन, एक बोंगो, लग्नाच्या बँडमधून फोडून आणलेला क्लॅरिनेटवाला, आणि गायला दिगांबर. दिगांबर जवळच्याच उंद्री गावचा. घरचा भाजीपाल्याचा मळा. सकाळच्या मोटारीनं वांगी-मेथीच्या गाठोड्यांबरोबर यायचा, माल बाजारात उतरवायचा आणि तालमीला पळायचा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी पुढं कचेरीत कारकून झालो, तो गात राहिला.

गावात ऑर्केस्ट्राच्या शौकिनांचे दोन पक्ष होते आणि बसस्टँडजवळच्या हॉटेलात त्यांचं रोज भांडण. एक पक्ष म्हणायचा, रेकॉर्डवर आहे तस्संच म्हटलं पाहिजे, एक हरकतही इकडची तिकडं नको. दुसरा म्हणायचा, मग रेकॉर्डच ऐका की, दिगांबर कशाला पाहिजे? क्लॅरिनेटवाल्याबद्दल मात्र दोघांचं एकमत — तो वाजवू लागला की विरहाच्या गाण्यातही वरात निघते. आणि शेवटी सगळे माझ्याकडं वळायचे. "वसंतराव, तुमी सांगा." घरात रेडिओ, आणि दोन वर्षं नागपुरात शिकलेला — एवढ्यावर मी जाणकार ठरलो होतो. वासरात लंगडी गाय शहाणी! पण मी मान हलवली की कार्यक्रम चांगला आणि नाक मुरडलं की पडला, असं खरोखर व्हायचं. मला ते फार आवडायचं.

त्याच तोऱ्यात मी एकदा दिगांबरला म्हणालो, "दुसऱ्याचे गाणे किती दिवस म्हणशीन बे? आपल्या बोलीत एखादं सोताचं बांध." तो हसला. पण पावसाळा लागल्यावर एक दिवस त्यानं मला मळ्यातल्या विहिरीवर नेऊन ते ऐकवलं. शहरात नोकरीला लागलेला पोरगा घरी येतो आणि आई त्याच्याशी बोलत नाही — "काऊन वं माय, मले बोलत नाही" — एवढंच गाणं. मी रडलो. खोटं नाही सांगत, विहिरीच्या काठावर बसून ढसाढसा रडलो. गणपतीत म्हण, असं मीच म्हणालो.

"लोक हसतीन काय बे?"

"हसतीन कसे? मी समोरच बसतो ना."

मी समोरच बसलो.

आता एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाणारा नकोसा झाला की आमच्याकडं त्या काळी लोक ओरडत नसत. कुणीतरी टाळी धरायचा — एका लयीत, न थांबता — आणि सगळं मैदान ती उचलायचं, माणूस खाली बसेपर्यंत. पहिल्या दोन-चार टाळ्यांत मात्र दाद कुठली आणि बसवणं कुठलं, ते मंचावरून कळत नाही.

कार्यक्रम दिवेलागणीला सुरू झाला. त्याच दिवशी पुण्याहून मुलीचा भाऊ मला बघायला आला होता. स्थळ चांगलं होतं, आई देव पाण्यात घालून बसली होती. दिवसभर मी जीभ सांभाळत होतो. एकदा तोंडाशी आलेलं 'मले' चहाबरोबर गिळलं. दिगांबरनं माइक धरला, म्हणाला, "हे गाणं आपलंच हाये." पहिली ओळ आली, आणि पाहुण्यांनी माझ्याकडं झुकून विचारलं, "ही तुमच्याकडची भाषा का?" एवढंच. ते हसलेही नाहीत. त्यांच्यावर ढकलावं असं माझ्याकडं काही नाही.

माझी कानशिलं तापली. वाटलं, आता विचारतील, तुम्हीही घरी असंच बोलता का? वाटलं, मागून कुणीतरी म्हणेल, हे गाणं वसंतरावांनीच करायला लावलं. काय काय वाटलं! आणि मी — मी टाळी धरली. हो, मीच. एका लयीत, न थांबता.

दिगांबरनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. त्याला मी दिसलो. त्याचा चेहरा उजळला — किती उजळला हो! छातीला हात लावून त्यानं मला मान लववली आणि पुढची ओळ आणखी जीव ओतून म्हटली.

मागच्यांना मात्र मी बरोबर कळलो होतो. जाणकारानं टाळी धरली, त्यांनी उचलली. कडवं पुरं व्हायच्या आत सगळं मैदान वाजत होतं. अकॉर्डियनवाला थांबला. दिगांबर थोडा वेळ एकटाच म्हणत राहिला, मग तोही बसला. लोकांचं त्याला कळलं होतं, माझं नाही.

सकाळी पाहुण्यांना मोटारीत बसवायला गेलो. ते म्हणाले, "कालचं ते आईचं गाणं पुरतं ऐकायचं होतं. लोकांनी का हो थांबवलं?" मी म्हणालो, "इकडच्या लोकांना कळत नाही हो." हेही मीच म्हणालो.

मग दिगांबर घरी आला. दारातून त्याचा आवाज ऐकला आणि वाटलं — कुणी सांगितलं असेल का? त्यानं माझे दोन्ही हात धरले. "वसंता, अख्ख्या गावात तू एकटा टाळी वाजवून राह्यला होता. मंग त्यायनं तिचा तमाशा केला. तुले तरी आवडलं ना बे?" बोलायला याहून सरळ वाट कोणती हवी होती मला? "आवडलं," मी म्हणालो, "पण लोकायले सिनेमाचंच पाह्यजे." तो बरं म्हणाला आणि गेला.

तिथून माझं भिणं सुरू झालं. हॉटेलात दोघं कुजबुजले की माझा चहा गार व्हायचा. मागच्या रांगेतला कुणी दिगांबरच्या खांद्यावर हात टाकून चालताना दिसला की मी वाट बदलायचो. कुणीच बोललं नाही. का बोलले नाहीत? त्यांनीही टाळ्या वाजवल्याच होत्या ना.

लग्न पुण्याला झालं. परतल्यावर घरी सत्यनारायण होता. दिगांबर बोलावण्याची वाट न बघता पेटी घेऊन आला आणि भर मांडवात म्हणाला, "माह्या गाण्याले पहिली टाळी या माणसानं देली." त्या मैदानावरची निम्मी माणसं मांडवात होती. सगळे माझ्याकडं बघत राहिले. मी उभा राहिलो आणि हात जोडले.

"बोल, कोणतं म्हणू?" त्यानं विचारलं, आणि थांबला. त्याची बोटं पेटीवर कोणत्या सुरांवर टेकली होती ते मला दिसत होतं. तेवढं तर मला कळतच होतं. मी सिनेमातलं एक गाणं सांगितलं. त्यानं बोटं उचलली, दुसरीकडं ठेवली आणि ते म्हटलं. फार छान म्हटलं.

दिगांबर आता नाही. त्यानं दुसरं गाणं बांधलं नाही. माणूस गेला की लोक म्हणतात, सांगायचं राहून गेलं. माझं काही राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.