वर आल्याचा फोन

काचेच्या केबिनमध्ये माझाच आवाज लावला होता. मोठ्या स्पीकरवर. बोलावलं म्हणून मी आत गेले, तर समोर मालक, मालकांचा मुलगा, अकाउंटची दोन माणसं आणि बाहेरून आणलेला एक सल्लागार. आणि भिंतीतून मी बोलतेय.

“बोल रे, कुठे मेलास? आलास का वर? पूर्ण आलास ना? बघ हां. बरं. जेवलास?”

सगळे हसले. सल्लागाराने ते पुन्हा लावलं. पुन्हा हसले. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “हे काम आहे की गप्पा?”

खोटं कशाला सांगू, मीही त्यांच्याबरोबर थोडी हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

आमची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी. ऑफिस अंधेरी पूर्वेला, काम मुलुंड-बोरिवलीपर्यंत. मी जोगेश्वरीच्या वस्तीतली, बारावी पास, सतरा वर्षं फोनवर. कुठली लिफ्ट बंद पडली, कुठला मेकॅनिक जवळ आहे, कुणाला पाठवायचं, सगळं माझ्या डोक्यात. कुठल्या बिल्डिंगचा सेक्रेटरी भांडखोर, कुठल्या खड्ड्यात बारा महिने पाणी, हेसुद्धा.

पडद्यावर त्यांनी कामाचा नकाशा काढला होता. सगळे चौकोन हिरवे. मधला एकच लाल. त्यात लिहिलेलं, ‘अडथळा’. तो चौकोन म्हणजे माझी खुर्ची.

सल्लागाराने माझं पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. आडनाव ऐकून “अच्छा” म्हणाला. ते ‘अच्छा’ मी शाळेपासून ओळखते. मग म्हणाला, “तुम्ही लोक मेहनती असता, पण सिस्टिम कळत नाही तुम्हाला.” मालकांचा मुलगा माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तो म्हणाला, “टेन्शन घेऊ नकोस. आता एआय करेल हे सगळं. तू फक्त त्याला शिकव.”

आता ती फोनची भानगड सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लिफ्टच्या खाली खड्डा असतो. मेकॅनिक त्यात उतरतो तेव्हा मेन स्विच बंद करतात. स्विच वर मशीन रूममध्ये, चावी वॉचमनकडे. खड्ड्यातही एक स्विच असतो, पण जुन्या बिल्डिंगांत तो गंजून गेलेला. म्हणून आमच्याकडे रीत होती. उतरताना मेकॅनिकने मला फोन करायचा, “खाली जातोय.” बाहेर आल्यावर पुन्हा, “वर आलो.” त्याचा आवाज मी माझ्या कानाने ऐकला की मगच वॉचमनला सांगायचं, चालू कर. दुसऱ्याने दिलेला निरोप चालत नाही. मेसेज चालत नाही. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंनी ही रीत घातली, एका मेकॅनिकचा हात गेला त्यानंतर. आणि ‘पूर्ण आलास ना’ हे मी उगाच विचारत नव्हते. अर्धा वर आलेला माणूसही घाईत ‘आलो’ म्हणून टाकतो.

केबिनमध्ये हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाजेने जीभच उचलली नाही. घरी गेल्यावर मात्र भांडी घासताना मोठमोठ्याने सांगत बसले, नळाला.

तीन महिने मी त्या सिस्टिमला शिकवलं. मन लावून शिकवलं, हेच तर दुःख आहे. कॉम्प्युटरसमोर बसून सगळ्या बिल्डिंगा, सगळे वॉचमन, सगळ्यांचे नंबर दिले. वॉचमनला फोन करायला एक आवाज हवा होता, म्हणून माझा रेकॉर्ड केला. आठवड्याने मालकांचा मुलगा म्हणाला, “तुझा नको. कंपनीला शोभेल असा घेतलाय.” कुठल्यातरी बाईचा गोड, गुळगुळीत आवाज आला. वाक्यं माझीच होती. मग माझ्या टेबलावरचा फोन काढून नेला आणि मला तक्रारींची यादी तपासायला बसवलं.

नवी पद्धत अशी. मेकॅनिकचा मोबाइल कुठे आहे ते सिस्टिमला दिसतं. मोबाइल बिल्डिंगच्या आत, म्हणजे काम चालू. मेकॅनिक जोडीने जातात; त्या दोघांचेही मोबाइल आवाराबाहेर गेले, म्हणजे काम संपलं. मग आपोआप वॉचमनला फोन जाणार, “काम पूर्ण झाले आहे. कृपया लिफ्ट सुरू करा.” ऑफिसला फोन करायला मेकॅनिकना मनाई.

सगळ्यांनी ऐकलं. गावडे मामांनी नाही. मामा मालवणचे, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, रिटायर व्हायला दीड वर्ष बाकी. ते माझ्या मोबाइलवर फोन करायचे.

“जातंय गो खाली.”

“मामा, ते बंद केलंय ना आता? मला ओरडतील.”

“ओरडू देत. तुझो आवाज ऐकल्याशिवाय माझो पाय खाली पडना नाय.”

मी चिडायचे त्यांच्यावर. कुणी बघतंय का म्हणून पदराआड मोबाइल धरायचे. स्वतःच्या कामाची मलाच लाज वाटायला लागली होती, इतकं त्यांनी मला हसून हसून धुतलं होतं.

त्या दिवशी मामा मुलुंडला होते, जुन्या सात मजली बिल्डिंगमध्ये. बरोबर इरफान, त्यांचा जोडीदार. अकराच्या सुमारास मामांचा फोन आला, “जातंय गो.” मी नुसतं हं म्हटलं. पाऊण तासाने सहज पडद्याकडे बघितलं, तर मुलुंडचं काम हिरवं झालेलं. काम पूर्ण.

वर आल्याचा फोन नव्हता आला.

बसवेना मला. खुर्ची सरकवून उठले आणि मामांचा नंबर लावला. उचलला इरफानने. मागे रस्त्याचा आवाज.

“ताई, मी बेअरिंग आणायला दुकानात आलोय. मामा खालीच आहेत. फोन त्यांनी माझ्या बॅगेत ठेवलाय.”

खड्ड्यात तेल असतं, पाणी असतं. खिशातला मोबाइल वाकलं की पडतो. म्हणून खाली उतरताना सगळेच मेकॅनिक मोबाइल हत्यारांच्या बॅगेत टाकतात. सगळेच. मला ठाऊक होतं. तीन महिने शिकवताना नेमकं हेच मी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नाही आणि माझ्या डोक्यात आलं नाही. इरफानने बॅग उचलली, त्यात दोघांचे मोबाइल. सिस्टिमने बघितलं, माणसं गेली.

वॉचमनला लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. तो गोड आवाज त्याच्याशी बोलत होता. आजूबाजूचे मान वर करून बघायला लागले, बघू देत. तिसऱ्यांदा लागला. तो धापा टाकत होता, चावी घेऊन मशीन रूमचे जिने चढत होता.

“हात मत लगा स्विच को. आदमी नीचे है.”

“पर मॅडम ने अभी बोला चालू करो.”

“कौन मॅडम?”

“आपके ऑफिस की.”

मी त्याला आईची शपथ घालून खाली पाठवला, फोन चालू ठेवून. लिफ्टच्या दाराच्या फटीतून त्याला मामांना हाक मारायला लावली. मग काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि मग मामा. “काय झाला गो? इलंय मी वर. इलंय.” मी तिथेच जमिनीवर बसले आणि सगळ्या ऑफिससमोर रडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काचेची केबिन. वाटलं, मामा कसे आहेत ते विचारतील. मालकांनी एक कागद पुढे सरकवला. टाइप केलेला. गावडे यांनी मोबाइल स्वतःजवळ ठेवला नाही, सुरक्षेचा नियम मोडला, त्यामुळे धोका निर्माण झाला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. सहीला जागा.

“सिस्टिम चुकली नाही,” सल्लागार म्हणाला. “माणूस चुकला.”

मालकांचा मुलगा म्हणाला, “सही कर. तुला ट्रेनिंगचं हेड करतो. नाहीतर तूही नियम मोडलायस, पर्सनल फोनवरून परस्पर काम थांबवलंस.”

मामा जाणार होते. दीड वर्ष राहिलेलं असताना, कलंक लावून. आणि त्यांच्या जागी उद्या जो उतरेल त्याला वाचवायला कुणी नसणार, कारण कागदावर सिस्टिम बरोबर ठरलेली असणार.

मी कागद दोनदा वाचला. यावेळी हसले नाही. म्हटलं, “तुमच्या सिस्टिमला मोबाइल दिसला. माणूस दिसला नाही. हे लिहा, मी सही करते.”

“तुला समजत नाही यातलं,” मालकांचा मुलगा म्हणाला.

“तुला नाही समजत,” मी म्हटलं. पहिल्यांदा त्याला तू म्हटलं. “तू कधी खड्ड्यात उतरलायस?”

मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला माझ्या हाताने सगळं लिहिलं. मामांचा फोन कधी आला, काम हिरवं कधी झालं, वॉचमनने काय सांगितलं. मोबाइल बॅगेत ठेवतात हे शिकवायचं माझ्याकडून राहिलं, तेही लिहिलं. लपवायचं नव्हतं काही. खाली सही केली, पूर्ण नावाने, मोबाइलवर फोटो काढला आणि कागद टेबलावर ठेवून बाहेर आले.

त्याला आज नऊ दिवस झाले. मला साकीनाक्याच्या गोदामात बसवलंय, हातात कारणे दाखवा नोटीस आहे. मामांना घरी बसवलंय. घरचे म्हणतात, माफी माग, मिटव. झोप लागत नाही, जेवण जात नाही, दिवसभर गोदामात येरझारा घालते. भीती वाटते. नोकरी गेली तर या वयात मला कोण घेणार, हे मला कळतं.

पण मेकॅनिक रोज सकाळी सामान न्यायला याच गोदामात येतात. एकेकाला गाठून सांगितलं. परवापासून चौदा जण मला फोन करतात, माझ्या मोबाइलवर. उतरताना एक, वर आल्यावर एक. तो आला नाही तर मी वॉचमनला अडवते, सिस्टिमने काहीही सांगितलेलं असो. ऑफिसला कळलंय. मनाईचं पत्र आलंय, दुसरं.

त्या पत्राला उत्तर देणार नाही. सोमवारी सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाणार आहे, मामा आणि इरफानला घेऊन, त्या कागदाच्या फोटोसकट. कंपनीने हवं तेवढं एआय ठेवावं, बिलं करावीत, याद्या कराव्यात, माझी हरकत नाही. पण खाली माणूस असेल तोवर लिफ्ट चालू करायचा हुकूम माणसाने द्यायचा, आणि त्याचं नाव कागदावर असायचं, म्हणजे कुणी मेलं तर कुणाला धरायचं ते कळेल. हे लिहून मिळेपर्यंत मी राजीनामा देणार नाही, माफी मागणार नाही, आणि फोन बंद ठेवणार नाही. काढायचं तर त्यांनी मला काढावं. कारण मात्र त्यांनाच लिहावं लागेल, त्यांच्या हाताने, खाली सही करून.