आबांची फर्माईश

बिरूआबा रेडिओ उभ्यानं ऐकायचे. वडूजच्या बाजारात गणपतरावांच्या हॉटेलात बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. बाकीची मंडळी बाकड्यावर ऐसपैस बसून चहा पीत. हे म्हातारे मेंढपाळ मात्र खांद्यावर घोंगडी टाकून, काठीवर हनुवटी टेकून दारातच उभे. बसा म्हटलं तर म्हणायचे, "नगं. बसलं की डोळा लागतो, आन् नेमकं तवाच आमचं लागंल."

'आमचं' म्हणजे त्यांच्या मारुतीचं. मारुती पलटणीत भरती झाला आणि लढाईत परमुलखात मेला. सरकारी तार आली आणि सरकारपुरता विषय संपला. पण त्याच्या बरोबरीचा एक शिपाई रजेवर आला तेव्हा सांगून गेला, की छावणीत गाणी भरून घ्यायचं यंत्र आलं होतं, मारुतीनं त्यात आपल्या धनगरी ओव्या म्हटल्या आणि त्या रेडिओवर लागणार होत्या. लागल्या की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मेंढरं जवळपास असली की आबा एकही बाजार चुकवत नसत. लोकांनी त्यांचं नाव 'लागंलआबा' पाडलं. ते चिडत नसत, नुसते हसत.

स्वातंत्र्य मिळाल्यावर गणपतरावांना समुद्रापलीकडचं एक व्यापारी केंद्र सापडलं. एक गाणं झालं की दंतमंजन, दुसरं झालं की केसांचं तेल. सुई तिथं बसली ती बसलीच. "गिऱ्हाईक म्हनंल ते लावतो," गणपतराव म्हणत, आणि गिऱ्हाइकाला सिनेमाचंच हवं असे. भजन गेलं, पोवाडे गेले. तिकडेही म्हणे श्रोत्यांच्या आवडीचंच लावत, आणि एवढ्या मुलखातल्या श्रोत्यांची आवड मिळून गाणी निघत ती पाच-सहा. मी शाळामास्तर. माझं डोकं उठायचं.

आबांना मात्र ते केंद्र पसंत पडलं. "मास्तर, ही मान्सं बरी हायती. काय लावू म्हनून इचारत्यात. सरकारानं कवा इचारलं? माज्या नावानं एक कारड टाका."

त्यांच्याकडे मारुतीच्या ओव्या असायचं काही कारण नाही, हे मी परोपरीनं सांगून पाहिलं.

"आवं, इचारलं तर त्यांचं काय जातंय?"

मग मी कार्डं टाकत राहिलो. शिपाई मारुती बिरू याच्या ओव्या लावाव्यात, कळावे.

एका बाजाराच्या दिवशी रेडिओवरची बाई फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचत होती. झाशी झालं, नागपूर झालं आणि मधेच ती म्हणाली, "वडूजसे बिरूआबा." सगळं हॉटेल उठून उभं राहिलं. कुणी आबांची पाठ थोपटली, कुणी चहा पुढे केला. आबांनी पागोटं काढून बगलेत धरलं आणि डोळे मिटले.

लागलं ते सिनेमातलं गाणं. त्या महिन्यात रोज वाजणारं, बाईच्या आवाजातलं. आलेल्या कार्डांवरची नावं त्यांनी एका गाण्याला चिकटवली होती, झालं. हॉटेलातले लोक टाळ्या पिटत होते. त्या पेटीचा मला इतका राग आला, की आजही तो गेलेला नाही.

गाणं संपेपर्यंत आबा हलले नाहीत. मग पागोटं बांधत म्हणाले, "सांगावा पोचला म्हनायचा. नाव घेतलं की माजं. पोचूनबी लावलं न्हाई, म्हंजी पोरगं त्यांच्यापाशी न्हाईच."

त्यानंतर ते हॉटेलाकडे फिरकले नाहीत. दिवाळी झाली, मेंढरं कोकणाकडे निघाली, तेव्हा शाळेपाशी मला भेटले. आणखी एक कार्ड सरकारी केंद्राला टाकू का, मी विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "मास्तर, आदी डोळं मिटलं की पोराची ओवी ऐकू यायची. इतकी वरसं तेवढी हुती माज्यापाशी. आता मिटलं, की ती बाईच म्हनती."